एका नभोवाणीकेंद्राचा दिनक्रम : ब्रिटनमधील ‘रेडिओ फोर’च्या कार्यक्रमपत्रिकेची ऐतिहासिक घडण

नभोवाणीची रोजची कार्यक्रमपत्रिका इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी हाती घेत नाही. सनदा, आयोगांचे अहवाल, संसदेतील चर्चा यांच्या आधारे ध्वनिक्षेपणाचा इतिहास लिहिण्याची प्रथा आहे, आणि ती अयोग्य नाही. परंतु एखाद्या ध्वनिक्षेपण-संस्थेचा समाजाच्या नित्य जीवनाशी संबंध कोठे व कसा आला हे पाहावयाचे असेल, तर तासांप्रमाणे मांडलेल्या त्या साध्या यादीकडेच वळावे लागते. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचा पहिला अंक २८ सप्टेंबर १९२३ रोजी निघाला, तेव्हापासून ब्रिटिश नभोवाणीची पत्रिका सलग उपलब्ध आहे. अशी अखंड साधनसामग्री फार थोड्या सांस्कृतिक संस्थांनी मागे ठेवली आहे.

प्रस्तुत निबंधात बी. बी. सी.च्या ‘रेडिओ फोर’ या राष्ट्रीय भाषणप्रधान केंद्राच्या एका दिवसाचा विचार केला आहे. हे केंद्र संगीतासाठी नव्हे, तर बोललेल्या शब्दासाठी आहे. वृत्त, चर्चा, व्याख्यान, नभोनाट्य, विनोद, वाचन आणि हवामान हे त्याचे विषय. त्याचा दिनक्रम एखाद्या योजनाकाराने एका बैठकीत आखलेला नाही. निरनिराळ्या दशकांत, निरनिराळ्या गरजांपोटी बसलेले थर एकावर एक साचून तो तयार झाला. दुसरे असे की, ज्या संस्थेने आरंभी निश्चित वेळापत्रकाला तत्त्वतः विरोध केला, तिच्याच श्रोत्यांनी पुढे त्या वेळापत्रकावर जवळजवळ मालकीहक्क सांगितला. या उलटापालटीची मीमांसा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

१. दिवसाचे स्वरूप

एप्रिल १९९८ मध्ये केंद्रनियंत्रक जेम्स बॉइल यांनी पत्रिकेची मोठी फेररचना केली. त्या फेररचनेनंतरचा कोणताही सामान्य कामाचा दिवस नमुना म्हणून घेता येईल. उजाडण्यापूर्वी सागरी हवामानवृत्त होई, पावणेसहाला शेतीविषयक वार्तापत्र आणि सहा ते नऊ ‘टुडे’ हा वृत्तप्रधान कार्यक्रम. नऊ वाजता चर्चा : सोमवारी ‘स्टार्ट द वीक’, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून गुरुवारी मेल्विन ब्रॅग यांचे विद्याविषयक संभाषण ‘इन अवर टाइम’. दहा वाजता ‘वुमन्स अवर’, बारा वाजता ग्राहकांच्या अडचणींचा ‘यू अँड युअर्स’, एक वाजता ‘द वर्ल्ड ॲट वन’. दोन वाजता ‘द आर्चर्स’ या ग्रामीण श्रुतिकामालेचे पुनःप्रक्षेपण आणि त्यास लागून नभोनाट्य. पाच वाजता ‘पी. एम.’, सहा वाजता वृत्त, साडेसहाला विनोद आणि सात वाजता ‘द आर्चर्स’चा नवा भाग. रात्री दहाला ‘द वर्ल्ड टुनाइट’, पाऊण तासाने ‘बुक ॲट बेडटाइम’, साडेअकराला संसदेचे वृत्त. आणि मध्यरात्रीनंतर ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजून पुन्हा सागरी हवामानवृत्त.

या यादीत प्रथमदर्शनी कोणतीच संगती दिसत नाही. गाईगुरांच्या बाजारभावानंतर पंतप्रधानांची उलटतपासणी, तिच्या मध्येच काही मिनिटांचे धर्मचिंतन, पुढे मध्ययुगीन तत्त्वज्ञान, मग स्त्रियांचे आरोग्य, मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी, असा तो क्रम आहे. परंतु प्रत्येक विषयापुढे त्याच्या आरंभाचे वर्ष लिहिले की ही विसंगती ऐतिहासिक संगतीत रूपांतरित होते. ताशी वाजणारे ग्रीनिचचे कालसूचक ठोके ५ फेब्रुवारी १९२४ चे; सकाळच्या धर्मचिंतनाची परंपरा १९३९ ची; संसदवृत्त १९४५ चे; ‘वुमन्स अवर’ १९४६ चा; रात्रीचे पुस्तकवाचन १९४९ चे; ‘द आर्चर्स’ १९५१ ची; ‘टुडे’ १९५७ चा; ‘द वर्ल्ड ॲट वन’ १९६५ चा; ‘पी. एम.’ आणि ‘द वर्ल्ड टुनाइट’ १९७० चे. एखाद्या जुन्या नगरातील वेशी, देवळे आणि पेठा जशा भिन्न राजवटींची साक्ष देतात, तशीच ही पत्रिका साक्ष देते.

२. निश्चित वेळेला विरोध

ब्रिटनमधील नियमित ध्वनिक्षेपणास १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडन केंद्रावरून प्रारंभ झाला. आरंभीची खासगी कंपनी १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेने स्थापिलेले सार्वजनिक महामंडळ बनली आणि जॉन रीथ हे तिचे पहिले महासंचालक झाले. रीथ यांच्या धोरणाचा एक भाग सर्वज्ञात आहे : नभोवाणीने ज्ञान द्यावे, शिक्षण द्यावे आणि रंजन करावे. दुसरा भाग तितकासा परिचित नाही. कार्यक्रम ठराविक दिवशी, ठराविक वेळी होऊ लागले तर श्रोता सवयीने ऐकेल आणि सवयीने ऐकणारा लक्ष देणार नाही, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची धारणा होती. श्रोत्याने पत्रिका वाचावी, निवड करावी, ऐकावे आणि यंत्र बंद करावे, अशी अपेक्षा असे. म्हणून वृत्त, मुलांचा कार्यक्रम आणि उपासना यांसारखे अपवाद वगळता वेळा मुद्दाम बदलत्या ठेवल्या जात. दोन कार्यक्रमांच्या मध्ये काही मिनिटे शांतता सोडण्याची रीतही होती, ती ऐकलेले मनात मुरावे म्हणून.

वृत्ताची वेळही नभोवाणीच्या स्वेच्छेने ठरलेली नव्हती. वृत्तपत्रांच्या मालकांना आपल्या खपाची चिंता होती. त्यांच्या आग्रहामुळे सायंकाळी सातपूर्वी वृत्त देण्यास मनाई होती. १९२६ च्या सार्वत्रिक संपात वृत्तपत्रांची छपाई बंद पडली, तेव्हा प्रथमच दिवसभरात अनेकदा वृत्त देण्यात आले. वादग्रस्त विषयांवरील बंदी १९२८ मध्ये उठली. सकाळपासून रात्रीपर्यंत वृत्ताने बांधलेला जो दिवस पुढे स्वाभाविक वाटू लागला, त्याला प्रारंभी बाजारपेठेतील हितसंबंधांनीच अडवून धरले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

याच काळात भाषणविभागात एक महत्त्वाची घटना घडली. १९२७ मध्ये त्या विभागाचे संचालकपद हिल्डा मॅथेसन यांच्याकडे आले. सभेतील वक्तृत्व किंवा छापील निबंधाचे वाचन नभोवाणीवर निष्प्रभ ठरते, कारण ऐकणारा समुदायात नसून आपल्या घरात एकटा किंवा दोघाचौघांत बसलेला असतो, हे त्यांनी ओळखले. भाषण आधी लिहून घ्यावयाचे, त्याची तालीम करावयाची, आणि तरीही ते बोलल्यासारखे वाटले पाहिजे, ही पद्धत त्यांनी रूढ केली. डाव्या विचारांच्या वक्त्यांना संधी देण्यावरून वरिष्ठांशी मतभेद वाढत गेले व १९३१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पण बोललेल्या गद्याची जी जात त्यांनी घडविली, तिच्यावरच पुढे एक संपूर्ण भाषणकेंद्र उभे राहू शकले.

या भाषणविभागाचा भारताशीही साक्षात संबंध येतो. मॅथेसन यांच्या हाताखाली काम केलेले लायनेल फील्डन हे १९३५ मध्ये भारतात ध्वनिक्षेपण-नियंत्रक म्हणून आले, आणि १९३६ मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत येथील शासकीय ध्वनिक्षेपण-सेवेचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामांतर झाले. पुढे मुंबई केंद्रावर ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ यांसारखे विशिष्ट श्रोतृवर्गाचे मराठी कार्यक्रम रुजले. ते येथील परिस्थितीतून वाढले. तथापि दिवसाच्या तासांची वाटणी श्रोत्यांच्या कामाच्या वेळा पाहून करावयाची, ही कल्पना दोन्हीकडे समान दिसते.

विरोधाची ही भूमिका १९३० नंतर ढिली पडत गेली. रीथ यांचा रविवार गंभीर व उपासनाप्रधान असे. त्याला कंटाळलेले श्रोते फ्रान्समधील नॉर्मंडी आणि १९३३ पासून लक्झेंबर्ग येथील व्यापारी केंद्रांकडे वळले. त्या केंद्रांचे कार्यक्रम ठरल्या वेळी होत. १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांच्याकडे श्रोतृसंशोधनाचे काम सोपविण्यात आले. लोक केव्हा उठतात, केव्हा जेवतात, केव्हा निजतात, याची पद्धतशीर नोंद सुरू झाली. १९३८ मध्ये ‘बँड वॅगन’ ही विनोदी मालिका दर आठवड्याला ठरल्या वेळी होऊ लागली. श्रोत्याने पत्रिकेप्रमाणे वागावे ही जुनी अपेक्षा मागे पडून पत्रिकेने श्रोत्याच्या दिवसाप्रमाणे वागावे हे तत्त्व पुढे आले.

३. युद्धकालीन दिवस

१ सप्टेंबर १९३९ रोजी राष्ट्रीय व प्रादेशिक अशा दोन्ही कार्यक्रमशाखा एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ ही एकच सेवा ठेवण्यात आली. शत्रूच्या विमानांना निरनिराळ्या प्रक्षेपकांवरून दिशा शोधता येऊ नये, हे तिचे तांत्रिक कारण. पण परिणाम सामाजिक झाला. सारा देश एकाच वेळी एकच ध्वनी ऐकू लागला. रात्री नऊच्या वृत्तापूर्वी बिग बेनचे ठोके, आणि १९४० च्या नोव्हेंबरपासून त्या ठोक्यांच्या अवधीत पाळावयाचे मूक चिंतन, यांनी त्या तासाला जवळजवळ विधीचे रूप दिले. शत्रूने तोतया आवाजात खोटे वृत्त देऊ नये म्हणून १९४० मध्ये वृत्तनिवेदक प्रथमच स्वतःची नावे सांगू लागले. त्यामुळे निवेदकाचा आवाज ही ओळखीची वस्तू झाली.

त्याच वर्षी सकाळच्या वृत्तानंतर सव्वाआठला ‘द किचन फ्रंट’ हा अल्पकालीन कार्यक्रम सुरू झाला. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या मर्यादित जिनसांतून काय शिजवावे, हे त्यात अन्नखात्याच्या सहकार्याने सांगितले जाई. वेळेची निवड सूचक आहे : घरातील माणसे कामावर निघालेली आणि गृहिणी बाजाराला जाण्याच्या तयारीत असलेली. अशा रीतीने शासनाची निकड आणि घरातील घड्याळ यांची गाठ पडली. १९४१ मध्ये ‘द ब्रेन्स ट्रस्ट’ सुरू झाला. श्रोत्यांनी पाठविलेल्या प्रश्नांना सी. ई. एम. जोड, ज्युलियन हक्सली आणि कमांडर कॅम्बेल हे पूर्वतयारीवाचून उत्तरे देत. विद्वानांचे तत्क्षणी चाललेले मतभेद हा लक्षावधी लोकांच्या करमणुकीचा विषय होऊ शकतो, हा त्या कार्यक्रमाचा धडा पुढील सर्व चर्चाकार्यक्रमांना पायाभूत ठरला. १९४२ च्या जानेवारीत रॉय प्लॉमली यांनी सुरू केलेला ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हाही त्याच काळातला. निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडावयाच्या, या साध्या निमित्ताने पाहुण्याकडून आत्मचरित्र वदवून घेण्याची ही युक्ती ऐंशीहून अधिक वर्षे टिकली.

४. युद्धोत्तर थर

युद्धानंतर बी. बी. सी.ने श्रोत्यांची तीन वर्गांत विभागणी केली. १९४५ मध्ये रंजनप्रधान ‘लाइट प्रोग्रॅम’ आणि १९४६ मध्ये उच्च अभिरुचीचा ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू झाला. ‘होम सर्व्हिस’ मध्यभागी राहिली. पुढे रेडिओ फोरची ओळख ठरलेले कित्येक कार्यक्रम मूळचे ‘होम सर्व्हिस’चे नव्हेत, ‘लाइट प्रोग्रॅम’चे होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘वुमन्स अवर’ हे त्याचे ठळक उदाहरण. ७ ऑक्टोबर १९४६ रोजी दुपारी दोन वाजता, म्हणजे जेवणाची भांडी आवरून झाल्यावर आणि मुले शाळेतून परतण्यापूर्वी, तो सुरू झाला. त्याचा पहिला निवेदक पुरुष होता. युद्धकाळात कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम केलेल्या स्त्रिया पुन्हा घरात परतत होत्या, त्या वेळी हा तास योजला गेला. म्हणजे घरकाम हेच स्त्रीचे क्षेत्र हे गृहीत त्याच्या मुळाशी होते. परंतु त्या तासाच्या आडोशाने जे विषय अन्यत्र उच्चारणेही अप्रशस्त मानले जाई, ते बोलले जाऊ लागले : ऋतुनिवृत्ती, विवाहातील अडचणी, कायद्यातील विषमता. स्त्रीला घरात स्थिर करणाऱ्या वेळेनेच तिला सार्वजनिक चर्चेचे दार उघडून दिले. हा कार्यक्रम १९७३ मध्ये रेडिओ फोरवर आला.

‘द आर्चर्स’ची कथा आणखी बोधप्रद आहे. गॉडफ्रे बेझली हे बर्मिंगहॅम केंद्रावर शेतीविषयक कार्यक्रमांचे काम पाहत. देशात शिधावाटप चालू होते. ते १९५४ पर्यंत संपले नाही. लहान शेतकऱ्यांनी नवी अवजारे, खते व पद्धती स्वीकाराव्यात अशी कृषिखात्याची इच्छा होती. पण उपदेशपर भाषणे कोणी ऐकेना. तेव्हा अँब्रिज नावाचे काल्पनिक खेडे निर्माण करून तेथील एका शेतकरी कुटुंबाची कथा योजण्यात आली. मे १९५० मध्ये मिडलंड विभागापुरता प्रयोग झाला आणि १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर ऐकविली जाऊ लागली. उपदेश कथेत मिसळला, आणि कालांतराने कथाच उरली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी ब्रिटनमधील पहिले व्यापारी दूरचित्रवाणीकेंद्र सुरू झाले. त्याच सायंकाळी या श्रुतिकेत ग्रेस आर्चर ही तरुण नववधू आगीत मरण पावली. श्रोत्यांच्या दूरध्वनींनी कचेरीच्या तारा गजबजून गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत नव्या केंद्राइतकीच, किंबहुना अधिक, चर्चा या काल्पनिक मृत्यूची होती. रोज पंधरा मिनिटे या प्रमाणात चार वर्षे साचलेली सवय किती बलवान असू शकते, याचा हा पहिला सार्वजनिक पुरावा होय.

प्रादेशिक केंद्रांचेही ऋण मोठे आहे. ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’ १९४७ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात, ॲश्टन-अंडर-लाइन येथे सुरू झाला. युद्धकाळात परसात भाजीपाला लावण्याची जी चळवळ झाली, तिची ही उत्तरक्रिया. ‘एनी क्वेश्चन्स’ १९४८ मध्ये पश्चिम विभागात सुरू झाला. गावोगावच्या सभागृहांत जाऊन राजकारणी पुरुषांना सामान्य नागरिकांच्या प्रश्नांपुढे बसविणे हे त्याचे स्वरूप. ‘टुडे’ १९५७ च्या २८ ऑक्टोबरला वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत सुरू झाला, तेव्हा ते हलकेफुलके प्रभातकालीन वार्तापत्र होते. इसा बेन्झी आणि जॅनेट क्विग्ली या दोघींनी त्याला आकार दिला. क्विग्ली यांना ‘द किचन फ्रंट’चा अनुभव होता. निवेदक जॅक डी मॅनिओ हे घड्याळ वाचण्यात वारंवार चुकत, आणि कामावर निघालेल्या श्रोत्यांत त्यांची तीच ख्याती झाली. या वार्तापत्राला देशाच्या राजकारणातील पहिल्या मुलाखतीचे स्थान प्राप्त होण्यास पुढील दोन दशके लागली.

५. मिश्र सेवेकडून भाषणकेंद्राकडे

३० सप्टेंबर १९६७ रोजी ‘होम सर्व्हिस’चे नाव ‘रेडिओ फोर’ झाले. त्या दिवशी बदलले ते मुख्यतः नाव. खरा बदल जुलै १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रॉडकास्टिंग इन द सेव्हन्टीज’ या योजनेने केला. एकाच वाहिनीवर संगीत, नाट्य, व्याख्यान आणि विनोद यांचे मिश्रण ठेवण्याचे रीथ यांचे तत्त्व मोडीत काढून प्रत्येक वाहिनीला एकच गुणधर्म देण्याचे तिने ठरविले : अभिजात संगीत तिसऱ्या केंद्राकडे आणि बोललेला शब्द चौथ्या केंद्राकडे. दूरचित्रवाणीने सायंकाळचा श्रोता नेला होता, आणि खर्चही आवरावयाचा होता. नव्या रचनेविरुद्ध खुद्द बी. बी. सी.तील कर्मचाऱ्यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध केले. सिम्फनी ऐकण्याकरिता यंत्र लावलेल्या माणसाच्या कानी अनपेक्षितपणे एखादे विचारप्रवर्तक भाषण पडावे, ही मिश्र सेवेची खरी शक्ती, आणि ती नाहीशी होणार, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.

एप्रिल १९७० मध्ये योजना अमलात आली. आक्षेप अर्धा खरा ठरला. संगीत आणि शब्द यांची ताटातूट झाली. पण शब्दाच्या आत मिश्रणाचे तत्त्व टिकले, किंबहुना तेथेच ते पूर्णत्वास गेले. वृत्तविश्लेषण, ग्राहकसाहाय्य, विज्ञान, नभोनाट्य, विनोदी चढाओढी आणि १९६१ पासून चालू असलेला अंधांसाठीचा ‘इन टच’ हे सारे एकाच वाहिनीवर शेजारी नांदू लागले. जो श्रोता ‘द आर्चर्स’साठी यंत्र लावी, तो ते बंद करण्यास विसरला की साहित्यसमीक्षा ऐके. श्रोत्याचा आळस आणि पत्रिकेचा क्रम यांच्या संयोगातून एक प्रकारचे लोकशिक्षण चालले होते. सवयीने ऐकणे म्हणजे लक्ष न देणे, हे रीथकालीन गृहीत येथे उलटे पडले.

२३ नोव्हेंबर १९७८ रोजी रेडिओ फोर मध्यम लहरींवरून १५०० मीटरच्या दीर्घलहरीवर गेले. ड्रॉइटविच येथील शक्तिमान प्रक्षेपकामुळे ते आता देशाच्या बहुतेक भागांत आणि भोवतालच्या समुद्रावर ऐकू येऊ लागले. आतापर्यंत प्रादेशिक भेद बाळगणारी ही सेवा आता खऱ्या अर्थाने एकराष्ट्रीय झाली. समुद्रावर ऐकू जाणारी लहर हाती आल्याने सागरी हवामानवृत्तही रेडिओ टूवरून तिच्याकडे आले. त्या वृत्ताचे मूळ नभोवाणीपूर्वीचे आहे. नौदल-अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये तारायंत्राद्वारे वादळाच्या सूचना देण्यास सुरुवात केली होती. ब्रिटनभोवतीच्या सागराचे ३१ विभाग, प्रत्येकातील वारा, पाऊस व दृश्यता, हे सर्व सुमारे साडेतीनशे शब्दांत आणि ठराविक क्रमाने सांगावयाचे असते. २००२ मध्ये ‘फिनिस्टेर’ या विभागास फिट्झरॉय यांचे नाव देण्यात आले, तेव्हा समुद्राशी काडीचाही संबंध नसलेले श्रोते हळहळले. झोपण्यापूर्वी ती नावे ऐकणे हा त्यांच्या दिवसाचा शेवट होता. उपयुक्त माहिती तिच्या नियमिततेमुळे उपयोगाच्या पलीकडे जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

६. तासावरील हक्काचे वाद

१९९० नंतर पत्रिकेत हात घालण्याचा जो जो प्रयत्न झाला, त्याला संघटित प्रतिकार झाला. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘वुमन्स अवर’ दुपारवरून सकाळी साडेदहाला हलविण्यात आला. दुपारी घरी असणाऱ्या स्त्रियांची संख्या घटली, हे प्रशासनाचे कारण होते. श्रोत्यांनी निषेध केला तो मुख्यतः वेळेसाठी. पंचेचाळीस वर्षे ज्या तासाभोवती कामे रचली, तो तास आपला आहे, ही त्यांची भावना होती.

त्याच वर्षी आखाती युद्धाच्या काळात, १७ जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत, रेडिओ फोरच्या एफ. एम. लहरीवर अखंड वृत्त देण्यात आले व नेहमीची पत्रिका दीर्घलहरीवर चालू राहिली. या अनुभवावरून दीर्घलहर कायमची अखंड वृत्तासाठी देण्याचा विचार पुढे आला. दीर्घलहरीवर अवलंबून असलेले खेड्यांतील, समुद्रावरील आणि युरोपातील श्रोते संतापले. १९९३ मध्ये लंडनमधील ब्रॉडकास्टिंग हाउसवर अत्यंत सभ्य असा मोर्चा गेला. अखेर तो विचार सोडून मार्च १९९४ मध्ये वृत्त व क्रीडा यांसाठी ‘रेडिओ फाइव्ह लाइव्ह’ हे वेगळे केंद्र काढावे लागले. म्हणजे रेडिओ फोरच्या श्रोत्यांच्या हट्टामुळे ब्रिटनला एक नवे केंद्र मिळाले.

२००६ मधील वाद आकाराने लहान, पण अर्थाने मोठा होता. १९७८ पासून पहाटेच्या आरंभी फ्रिट्झ स्पीग्ल यांनी रचलेली ‘यू. के. थीम’ ही संगीतिका वाजत असे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील पारंपरिक धुना तिच्यात एकत्र गुंफल्या होत्या. रचनाकार स्वतः नाझी अमलातून निसटून आलेला ऑस्ट्रियन निर्वासित होता. काही मिनिटांची ती धून काढून तेथे वृत्त ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा विनंतिअर्ज झाले व संसदेपर्यंत विषय गेला. तरीही एप्रिल २००६ मध्ये धून थांबली. श्रोत्यांचा हक्क नैतिक होता, कायदेशीर नव्हता, याची ही मर्यादा.

या वादांत वरकरणी अतिशयोक्ती दिसते. परंतु ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या संदर्भात इतिहासकार पीटर हेनेसी यांनी जी हकिकत नोंदविली आहे, ती येथे आठवते : स्वदेशाशी संपर्क तुटल्यास देश शिल्लक आहे की नाही हे ठरविण्याच्या कसोट्यांपैकी एक कसोटी म्हणजे रेडिओ फोर ऐकू येते की नाही ही होय. दिनक्रम चालू आहे, अर्थात राष्ट्र चालू आहे, असे हे समीकरण. गृहिणीने दुपारच्या तासासाठी धरलेला आग्रह आणि पाणबुडीतील ही कसोटी यांच्या मुळाशी एकच भाव आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : भाषणकेंद्राचा दिवस हा शासनाची निकड, व्यापारी स्पर्धा, तंत्रातील बदल आणि घरातील कामाच्या वेळा यांच्या परस्परसंघर्षातून घडला; त्याचे श्रेय कोणा एका द्रष्ट्याला देता येत नाही. दुसरी : कार्यक्रमांचे मूळ हेतू बहुधा लोप पावले, पण वेळा टिकल्या. शेतीचे उत्पादन वाढविण्यासाठी काढलेली श्रुतिका शेतीशी संबंध नसलेल्यांची झाली आणि नावाड्यांसाठीचे वृत्त निद्रानाश झालेल्यांचे झाले. तिसरी : सवय ही केवळ निष्क्रियता नव्हे, सवयीच्या तासांत शेजारी मांडलेल्या असंबद्ध विषयांनीच सामान्य माणसाला न मागितलेले ज्ञान दिले.

ही तिसरी गोष्ट आज पणाला लागली आहे. २०१८ मध्ये बी. बी. सी.ने ‘साउंड्स’ ही सेवा सुरू केली, तेव्हापासून हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी ऐकण्याची सोय अधिकच सुलभ झाली. एप्रिल २०२४ मध्ये दीर्घलहरीवरील स्वतंत्र पत्रिका बंद झाली, त्यामुळे सागरी हवामानवृत्ताच्या रोजच्या प्रक्षेपणांची संख्याही घटली. एका अर्थी रीथ यांचा आदर्श श्रोता, म्हणजे यादी पाहून निवडणारा, ऐकणारा आणि यंत्र बंद करणारा श्रोता, शतकानंतर अवतरला आहे. मात्र रीथ यांच्या योजनेत निवड श्रोत्याची असली तरी यादी सर्वांची एकच होती, आणि त्या यादीत श्रोत्याला नको असलेले पुष्कळ काही त्याच्या दृष्टीस पडत असे. आताच्या श्रोत्यापुढे त्याच्या पूर्वीच्या आवडीवरून बेतलेली यादी येते. तिच्यात गाईगुरांच्या बाजारभावाशेजारी मध्ययुगीन तत्त्वज्ञान येण्याचे कारण उरत नाही. ज्या समाजाने नऊ दशके एकाच घड्याळावर वेगवेगळे विषय ऐकले, तो वेगवेगळ्या घड्याळांवर आपापले विषय ऐकू लागल्यावर त्याच्या सार्वजनिक संभाषणाचे काय होते, हा यापुढील संशोधनाचा विषय आहे. आणि त्याचे साधन म्हणून छापील कार्यक्रमपत्रिका तेव्हा पुरी पडणार नाही.